तेलाची भिंत फुटत कशी नाही?

प्रश्न: पेशीच्या आतही पाणी, बाहेरही पाणी, आणि मधलं आवरण म्हणे चरबीचं! मग ते सुटं होऊन वाहून का जात नाही?

उत्तर: भारी प्रश्न. उलट पाण्यामुळेच ते टिकतं. आवरणातल्या फॉस्फोलिपिड (चरबीचाच एक प्रकार) रेणूला एक डोकं असतं, त्याला पाणी आवडतं, आणि दोन शेपट्या, त्यांना पाणी अजिबात नको, त्यामुळे हे रेणू आपोआप दोन थरांत उभे राहतात, डोकी बाहेरच्या आणि आतल्या पाण्याकडे, शेपट्या मधे लपलेल्या, कुणी चिकटवायला लागत नाही की काही नाही. जाडी जेमतेम ५ नॅनोमीटर धरा, प्रथिनं धरली तर थोडी जास्त.

दोन थर आहेत हे १९२५ मध्ये गॉर्टर आणि ग्रेंडेल या शास्त्रज्ञांनी सांगितलं. रक्तातल्या तांबड्या पेशींतली चरबी काढून पाण्यावर एकाच रेणूच्या थरात पसरली तर ती पेशींच्या पृष्ठभागाच्या साधारण दुप्पट भरली. गंमत म्हणजे मोजमापात दोन चुका होत्या, पण त्या एकमेकींना खाऊन गेल्या आणि उत्तर बरोबर आलं!

आणि हो, "भिंत" म्हणू नका, ती वेगळी, वनस्पतींत असते. हे आवरण पातळ तेलासारखं हलतं, रेणू सारखे शेजाऱ्याशी जागा बदलतात, प्रथिनं त्यात तरंगतात (सिंगर-निकोल्सनचं १९७२चं मॉडेल). ऑक्सिजन सहज आरपार जातो, ग्लुकोज आणि आयनांना (विद्युतभार असलेल्या कणांना) मात्र प्रथिनांचं दार लागतं. पाणी थोडंफार झिरपतं, पण भराभर जायचं तर ॲक्वापोरिन नावाचं प्रथिनाचं दार हवं.