लालबाग-परळच्या इतिहासातल्या कोणत्या स्त्रियांचा गौरव करावा?

8 मार्चला आपल्याच वस्तीतल्या बायकांवर कार्यक्रम करायचाय आणि दरवर्षी हार घालतो त्या फोटोंपलीकडची नावं हवीत, असं तुम्ही विचारलंय. फार बरं वाटलं वाचून. मी लालबागचीच.

माझं पहिलं नाव कमल दोंदे. फेब्रुवारी 1946 मध्ये नौसैनिकांनी बंड पुकारलं आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी गिरणगाव रस्त्यावर उतरलं. तेव्हा परळमध्ये झालेल्या गोळीबारात कमलताईंचा जीव गेला. कुसुम रणदिवे यांच्या पायात गोळी घुसली. दोघी परळ महिला संघाच्या कार्यकर्त्या. बंडाच्या गोष्टीत ते जिथे पेटलं त्या ‘तलवार’ या नौदलाच्या तळाचं नाव हमखास येतं, कमल दोंदेंचं मात्र परळमध्ये राहणाऱ्यांनाही माहीत नसतं. मला हे फार लागतं. तुमच्या कार्यक्रमाची सुरुवात त्यांच्यापासूनच करा.

हा संघ 1943 मध्ये उभा केला अहिल्या रांगणेकर यांनी. संयुक्त महाराष्ट्राचा लढा, महापालिका, आणीबाणीतला तुरुंग आणि तिथून सुटल्यावर 1977 मध्ये थेट लोकसभा, एवढं त्यांचं काम. सत्तरीच्या दशकात तेल, साखर, रॉकेल मिळेना, तेव्हा मृणाल गोरे आणि अहिल्याताईंच्या बरोबरीने बायका लाटणी घेऊन, थाळ्या बडवत मोर्चाला निघाल्या. तुमच्या चाळीतली कोणी ना कोणी आजी त्या गर्दीत असणारच. तिला बोलतं करा.

आता खाणावळवाल्या. कोकणातून, घाटावरून आलेले गडी बायकामुलं गावी ठेवून एकेका खोलीत दाटीवाटीने राहायचे आणि महिन्याच्या बोलीवर चाळीतल्या एखाद्या बाईकडे जेवायचे. त्यांना मेंबर म्हणत. माझी आजी अशी खाणावळ चालवायची. पहिल्या पाळीचे मेंबर पहाटे डबा घेऊन निघायचे, म्हणून तिचा स्टोव्ह पहाटे तीनलाच पेटायचा. भिंतीवर कोळशाने प्रत्येकाच्या खाड्याच्या रेघा ओढलेल्या असत. आजीला लिहिता येत नव्हतं, पण हिशोबात एक पैसा इकडचा तिकडे होत नसे. संप झाला की पगार नाही आणि मेंबरचे पैसेही नाहीत, तरी ताट वाढलं जायचंच. उधारीवर वाढता वाढता कितीतरी जणींची भांडी आणि मंगळसूत्रं सावकाराकडे गहाण पडली. गिरणी संपाच्या इतिहासात पुढाऱ्यांची भाषणं सापडतील, पण हे संप महिनोन् महिने टिकले त्यात या बायकांचा वाटा फार मोठा आहे, असं मी ठामपणे म्हणते.

त्यांना संघटित केलं प्रेमा पुरव यांनी. मूळच्या गोव्याच्या, गोवा मुक्तिलढ्यात गोळी लागलेल्या. 1975 मध्ये त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि सावकाराच्या दारात उभ्या राहणाऱ्या खाणावळवाल्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. 2002 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आणि खुद्द गिरणीत राबलेल्या बायका? रिळिंग, वाइंडिंग ही सूत गुंडाळायची खाती त्यांची आणि वर देखरेखीला नायकीण. 1928 च्या मोठ्या संपात उषाताई डांगे यांनी या बायकांना उभं केलं. बाळंतपणाच्या रजेत पैसे देणारा कायदा मुंबई इलाख्यात 1929 मध्ये झाला, त्या विधेयकाच्या बाजूने बाबासाहेब कौन्सिलात, म्हणजे तेव्हाच्या मुंबई विधिमंडळात, बोलले होते. या बायकांची नावं पुस्तकात मिळणं अवघड आहे, ती घराघरांतूनच गोळा करावी लागतील.

म्हणून एक सुचवते. महिनाभर आधी चाळीचाळींतून फिरा. जुना गिरणीचा पास, प्रॉव्हिडंट फंडाची चिठ्ठी, खाणावळीतलं एखादं पातेलं, जे मिळेल ते मागून आणा. प्रत्येक वस्तूखाली त्या बाईचं पूर्ण नाव, गिरणी, खातं आणि खोली नंबर लिहा. ‘रणरागिणी’, ‘नारीशक्ती’ असले शब्द बॅनरवर नकोत, तेवढ्या जागेत आणखी चार नावं बसतील. नाव लावण्याआधी घरच्यांची परवानगी घ्या आणि उद्घाटन एखाद्या नगरसेवकाऐवजी जुन्या वाइंडिंगवालीच्या हातून करा.