आधी बघ, फोटो काढलाय कोणी

अरे, तुझा मेसेज वाचला. आउशविट्झच्या नाझी छळछावणीचे एवढे फोटो बघितले, डॉक्युमेंट्र्या बघितल्या आणि आता काहीच वाटत नाही, मी दगड झालोय का म्हणतोस. दगडबिगड काही नाही. आधी सांग, ते फोटो काढले कोणी? वॉर्सातला तो हात वर केलेला पोरगा तू तुझ्या व्याख्यानाच्या स्लाइडवर लावलायस ना, तो नाझींच्या एसएस दलाच्या अधिकाऱ्याने १९४३ साली घेट्टो, म्हणजे ज्यूंना कोंडलेली वस्ती, साफ केल्याची बढाई मारत वर पाठवलेल्या रिपोर्टातला आहे. म्हणजे तू बघतोयस ते मारणाऱ्याच्या शेजारी उभं राहून, मग वाटणार काय!

एकच सांगतो, दहादा सांगेन: जे गेले त्यांनी स्वतः लिहिलेलं वाच. वॉर्साच्या घेट्टोत चार लाखांवर ज्यू कोंडलेले, तिथे इमॅन्युएल रिंगेलब्लूम या इतिहासकाराने माणसं जमवून गुपचूप सगळं गोळा केलं, डायऱ्या, पोरांचे निबंध, ट्रामची तिकिटं, चॉकलेटचे कागदसुद्धा. १९४२ च्या ऑगस्टमध्ये, ट्रेब्लिंकाच्या मृत्यूछावणीकडे माणसांच्या गाड्या रोज भरून जात असताना, एक मास्तर आणि दोन पोरं हे कागद पत्र्याच्या डब्यांत घालून शाळेच्या तळघरात पुरत होती. त्यातला डेव्हिड ग्राबर १९ वर्षांचा, तुझ्याच वयाचा रे. आणि तो मास्तर, लिख्टेनश्टाइन, आभार नको, स्मारक नको, फक्त आठवण ठेवा म्हणतो, माझ्या मुलीचीसुद्धा. मार्गालित, वीस महिन्यांची, नवव्या महिन्यापासून यिडिश, म्हणजे तिथल्या ज्यूंची भाषा, बोलते, अक्कल तीन-चार वर्षांच्या पोरीएवढी, आणि वर म्हणतो फुशारकी मारत नाहीये, शाळेतले शिक्षक साक्षीला आहेत. बाप आहे तो! साठेक जणांच्या त्या गटातले तिघंच वाचले, त्यांच्यामुळे १९४६ मध्ये डबे सापडले. हे वाच आणि मग सांग मला दगड झालास का ते.

लोक म्हणतात माझ्या व्याख्यानात फोटो नसतात, कंटाळा येतो. येऊ दे. प्रेतांचा ढीग दाखवला की हॉल दोन मिनिटं चिडीचूप आणि मग सगळे चहाला, हे कितीदा बघितलंय. ६० लाख ज्यू मारले म्हटलं तरी तेच. माझी हळहळ एवढीच की यिडिश शिकायचं राहून गेलं, भाषांतरावर भागवावं लागतं.

तो फोटो ठेवायचाच असेल तर ठेव, पण खाली कोणी काढला ते लिही. आणि तुझ्या व्याख्यानातली रणगाड्यांची ती पाच मिनिटं उडव आधी, ती तिथे कशाला घातलीयस ते मला अजून कळलेलं नाही.