जुना वाडा शाळेला दिला तर त्याचं वाटोळं होतं का? इंग्लंडमध्ये काय अनुभव आहे?

नाही. वाटोळं बहुतेक वेळा मालक करतात, शाळा नंतर येते.

मी मिल्टन कीन्सला राहतो. बकिंगहॅमजवळचं स्टो हाउस, म्हणजे ड्यूक घराण्याचा जुना महाल, जिथे आता निवासी शाळा आहे, इथून फार लांब नाही. थोरले काका आले तेव्हा त्यांना मुद्दाम तिथे नेलं, कारण गावच्या वाड्यावरून आमचं जुनं वाजलेलं. एका शिक्षणसंस्थेने तो भाड्याने मागितला होता. काका अडून बसले: "पोरं भिंतींवर कोळशाने नावं लिहितील." नंतर भाऊबंदांनी सागवानी तुळयासुद्धा विकल्या, ते चाललं.

स्टोच्या दक्षिणेकडच्या पायऱ्यांशी दोन सिंह आहेत. काका खूश. "बघ, खानदानी लोकांनी कसं जपलंय!" म्हटलं, काका, या नकला आहेत. मूळचे शिशाचे सिंह विक्रीत गेले, ते ब्लॅकपूलच्या बागेत आहेत. मग सगळंच सांगितलं. 1845 मध्ये खुद्द व्हिक्टोरिया राणी पाहुणी आली, थाटात काही कमी पडू दिलं नाही. तीन वर्षांत घराचे मालक, बकिंगहॅमचे दुसरे ड्यूक, यांचं दिवाळं वाजलं. दहा लाख पौंडांच्या वर कर्ज, आणि घरातल्या सामानाचा लिलाव 40 दिवस चालून हाती आले जेमतेम 75 हजार. 1921 ला उरलीसुरली इस्टेट विकायला काढली. प्रवेशाचा लांबलचक रस्ता तुकड्यांत जाऊ नये म्हणून वास्तुविशारद क्लफ विल्यम्स-एलिस यांनी तो पदरचे पैसे घालून घेतला. मे 1923 मध्ये 99 मुलांनिशी शाळा सुरू झाली. ती आली नसती तर घर पाडणाऱ्यांच्या हाती गेलं असतं, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या काळात इथे अशी कितीतरी घरं पडली.

काका म्हणाले, "साहेबाची गोष्ट वेगळी." आणि कँटीन कुठे ते विचारलं.

आता हेही खरं, की शाळेला एकटीला हा डोलारा झेपला नाही. बाग 1989 मध्ये वारसास्थळं जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे गेली, घरासाठी 1997 मध्ये वेगळा न्यास झाला. शिवाय ही भरमसाट फीची निवासी शाळा, गावच्या शाळेकडे तेवढा पैसा कुठून येणार? तेव्हा वाडा द्या, पण मालकी सोडू नका, कौलं आणि पन्हळी कोण दुरुस्त करणार ते करारात लिहून घ्या. आणि सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या आधी घ्या, विशेषतः जे गावात राहत नाहीत पण वाड्याचा अभिमान फार बाळगतात त्यांच्या.