कराराचा कोश पडू नये म्हणून सावरणाऱ्या उज्जाला देवाने का मारले?
बायबलमधील कथेत कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या दगडी पाट्या ठेवलेली पवित्र पेटी, बैलगाडीवरून नेताना बैल अडखळले आणि उज्जाने हात लावून तो धरला. उज्जाचा हेतू कोश सावरण्याचाच होता, तरी पवित्र वस्तूंना स्पर्श केल्यास मृत्यू येईल ही ताकीद बायबलच्या गणना या पुस्तकात (४:१५) आधीच दिलेली असल्यामुळे २ शमुवेल ६:७ मधील शिक्षा तिच्या उल्लंघनाबद्दल झाली, असे मानले जाते. खरी चूक मात्र त्याआधीचीच म्हणावी लागेल: कोश दांड्यांनी लेव्यांच्या (देवाच्या सेवेसाठी नेमलेल्या लेवी वंशातील लोकांच्या) खांद्यांवरून न्यायचा असताना तो, पूर्वी इस्राएलचे शत्रू असलेल्या पलिष्ट्यांनी पाठवला होता तसाच, नव्या गाडीवर ठेवण्यात आला, गाडीच नसती, तर बैल अडखळण्याचा प्रश्न उद्भवला नसता. म्हणून सारा दोष एकट्या उज्जावर ठेवता येत नाही, कारण १ इतिहास १५:१३ मध्ये आपण सर्वांनी नियमाप्रमाणे देवाचा शोध घेतला नाही, असे इस्राएलचा राजा दावीदच लेव्यांना सांगतो.