निकाल माहीत असताना तोतयाची कादंबरी

प्रश्न : अ‍ॅना अँडरसनवरची कादंबरी वाचायला घेतली आहे. ती स्वतःला रशियाच्या झारची (सम्राटाची) मुलगी अनास्तासिया म्हणवायची, पण ती अनास्तासिया नव्हती, हे आधीच ठाऊक आहे. मग वाचायचं काय? आणि खरं किती धरायचं?

उत्तर : ठाऊक तुम्हाला आहे, पात्रांना नाही. म्हणून पहिल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने चार सालं लिहून ठेवा. १९१८ : झारच्या कुटुंबाची हत्या. १९२० : बर्लिनच्या कालव्यातून एका अनोळखी तरुणीला बाहेर काढलं; हीच पुढची अ‍ॅना. १९७० : जर्मनीतला खटला संपला, दावा सिद्ध झाला नाही, पण खोटाही ठरला नाही. १९९४ : डीएनए चाचणी. प्रत्येक प्रकरण यातल्या कोणत्या दोन सालांमधलं आहे ते पाहा. १९३० सालच्या पात्राला ‘एवढंही कळेना?’ म्हणून हसणं अन्याय आहे. भाऊसाहेबांच्या तोतयाने मराठी मुलखातल्या लोकांनाही चकवलंच होतं.

आता पुराव्यांकडे. अंगावरचे व्रण म्हणजे हत्येतून वाचल्याची खूण, हा अ‍ॅनाच्या समर्थकांचा आवडता मुद्दा. पण फ्रान्झिस्का शान्झकोव्स्का ही कामगार १९१६ मध्ये दारूगोळ्याच्या कारखान्यात स्फोटात जखमी झाली होती. अ‍ॅना म्हणजे तीच, असं एका खासगी गुप्तहेराने १९२७ मध्येच सांगितलं होतं. कादंबरीकार फ्रान्झिस्काला किती पानं देतो, यावरून त्याचा प्रामाणिकपणा ओळखावा. तिला नुसती ठग करून टाकणारं पुस्तक आम्ही तरी कच्चं मानतो.

तारखांत गोंधळ होतो तो जुन्या रशियन पंचांगामुळे. विसाव्या शतकात ते १३ दिवस मागे होतं. अनास्तासियाचा जन्म ५ जून किंवा १८ जून १९०१, दोन्ही बरोबर.

प्रश्न : राजघराण्यातल्या दोघांचे सांगाडे बरीच वर्षं सापडले नव्हते ना? मग शंका राहतेच.

उत्तर : अ‍ॅनाबद्दल नाही. १९९१ मध्ये येकातेरिनबुर्गजवळ उकरलेल्या खड्ड्यात नऊ सांगाडे होते, दोन मुलं कमी. ती २००७ मध्ये सापडली. पण अ‍ॅनाचा निकाल त्यावर अवलंबून नव्हताच. तिचं दहन झालं होतं. तरी १९७९ च्या शस्त्रक्रियेत काढलेला आतड्याचा तुकडा रुग्णालयात जपलेला होता. आईकडून मुलांत उतरणारा डीएनए त्यातून काढून प्रिन्स फिलिप यांच्या रक्ताशी ताडला, कारण त्यांच्या आईची आई ही झारिनाची, म्हणजे अनास्तासियाच्या आईची, सख्खी बहीण. तो जुळला नाही. फ्रान्झिस्काच्या बहिणीच्या वंशजाशी मात्र जुळला.