टीम सांभाळणं वेगळं, वर्कशॉप सांभाळणं वेगळं

हिंजवडीत १२ जणांची टीम सांभाळताय, भोसरीतलं १४ कामगारांचं सीएनसी जॉबवर्कचं (संगणकावर चालणाऱ्या मशीनवर दुसऱ्या कंपन्यांचं काम करून देणारं) वर्कशॉप विकत मिळतंय, मालक वयामुळे सोडतायत. आधी दोन वर्षं वरच्या हुद्द्यावर काढावीत की एमबीए करावं, असं तुम्ही विचारलंय. माझं मत : अनुभव घ्याच, पण त्या दोन्ही ठिकाणी तो मिळणार नाही.

मी स्वतः मोठ्या कंपनीत नऊ वर्षं प्रॉडक्शनला होतो, हाताखाली चाळीस माणसं. त्या जोरावर वर्कशॉप घेतलं. दुसऱ्याच महिन्यात सेटर, म्हणजे मशीन कामासाठी लावून देणारा कारागीर, मंगळवारी संध्याकाळी केबिनमध्ये आला. बहिणीचं लग्न, वीस हजार उचल हवी. मी म्हणालो, आपल्या नियमात बसत नाही. गुरुवारची सुट्टी झाली, शुक्रवारी तो आलाच नाही. दोन मशीन नऊ दिवस उभ्या. जुन्या मालकांना सांगितलं तर हसले. ते म्हणाले, दहा लगेच द्यायचे, दहा लग्नाच्या आदल्या दिवशी, आणि पगारातून दोन-दोन हजार कापायचे. कंपनीत असताना उचल हा शब्द माझ्या कानावरही आला नव्हता, कारण ते सगळं एचआर बघायचं. रजा, भांडणं, वसुली, सगळं दुसरं कुणीतरी बघायचं. मी फक्त टार्गेट बघायचो आणि त्यालाच मॅनेजमेंट समजायचो.

पैशाचंही तसंच. बिल आज फाडलं की जीएसटी पुढच्या महिन्याच्या वीस तारखेपर्यंत भरायचा, गिऱ्हाईक मात्र नव्वद दिवसांनी पैसे देणार. सूक्ष्म-लघु उद्योगाला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळावेत असा कायदा २००६ पासून आहे. पण ज्याच्याकडून सत्तर टक्के काम येतं त्याच्यावर तक्रार टाकायची का, हे ठरवताना झोप उडते.

म्हणून सुचवतो : विकत घ्यायच्या आधी सहा महिने त्याच वर्कशॉपवर जा. तुमची सुट्टी शनिवार-रविवार, भोसरीची गुरुवारी. म्हणजे नोकरी न सोडता आठवड्याचे दोन दिवस चालू शॉप बघायला मिळेल. केबिनमध्ये बसू नका. हजेरी घ्या, मालाची चलनं लिहा, रिजेक्शन (बाद होणारा माल) कोणत्या मशीनवर येतं ते बघा, पैसे मागायचे फोन स्वतः करा. शेवटचं काम सगळ्यात नकोसं असतं, आणि त्यातूनच कळतं की गिऱ्हाईक वर्कशॉपचं आहे की मालकांच्या ओळखीचं.

तेवढ्यात ग्रॅच्युइटीचा, म्हणजे कामगार नोकरी सोडताना त्याला द्यायच्या रकमेचा, हिशोबही मांडा. हा बहुतेक जण विसरतात. मूळ पगार १८ हजार आणि नोकरी १२ वर्षं असेल तर एका कामगाराचे साधारण सव्वा लाख होतात. असे आठ-नऊ जुने लोक असतील आणि त्यांची नोकरी तुमच्याकडे अखंड चालू राहिली, तर दहा-अकरा लाखांचं देणं किमतीत न दिसता तुमच्या अंगावर येतं. पीएफ आणि जीएसटीची मागची थकबाकीही नव्या मालकाकडून वसूल होऊ शकते, त्यामुळे करारात ती स्पष्ट लिहून घ्या. जागा एमआयडीसीची असेल तर ती भाडेपट्ट्यावर असते, हस्तांतराला त्यांची परवानगी आणि शुल्क लागतं. हे सीए-वकील बघतील.

मालकांना व्यवहारानंतरही सहा महिने पगारावर ठेवा, आणि शेवटचा हप्ता त्यानंतरच द्या. “कागद हवे तेवढे बघा, पण शॉपवर येऊ नका” असं ते म्हणाले, तर मी तिथेच बोलणी थांबवेन.