वाचक विचारतात : क्वार्टर, कार्ड आणि नको तितका फेस

प्रश्न : मुलगी ऑगस्टमध्ये शिकायला अमेरिकेला चाललीये. भाड्याच्या घरात मशीन नाही, कपडे लाँड्रोमॅटमध्ये, म्हणजे पैसे भरून मशीन वापरायच्या दुकानात, धुवायचे. तिथे पैसे कसे भरतात? इथून पावडर द्यावी का?

उत्तर : जुन्या दुकानांतली मशीन फक्त क्वार्टर घेतात, म्हणजे 25 सेंटचं नाणं. बँकेत 40 नाण्यांचा रोल 10 डॉलरला मिळतो. दुकानातल्या चेंज मशीनमध्ये नोट सरकवली तरी क्वार्टर पडतात, पण चुरगळलेली नोट ते परत ढकलतं. नव्या दुकानांत दुकानाचंच, आधी पैसे भरून ठेवायचं कार्ड नाहीतर ॲप असतं. त्यात टाकलेली रक्कम सहसा परत मिळत नाही, तेव्हा त्या दिवसापुरतीच भरावी.

आधी कपडे, मग दार खटकन बसेपर्यंत दाबायचं, पाणी गार की गरम ते ठरवायचं आणि शेवटी पैसे. पैसे घेऊनही मशीन ढिम्म असेल तर दार नीट बसलेलं नसतं किंवा स्टार्ट दाबायचं राहिलेलं असतं. नाणी खरोखरच गिळली असतील तर मशीनचा नंबर टिपून दुकानाच्या फोनवर कळवावं.

पावडर मुळीच देऊ नका. आपली बादलीतली पावडर भरपूर फेस करते. पुढून दार असलेल्या मशीनमध्ये पाणी कमी असतं. तिथे फेस झाला की कपडे आपटलेच जात नाहीत, साबणही निघत नाही आणि कुर्ते वाळल्यावर कडक होतात. तिथलंच ‘एचई’ (म्हणजे कमी पाण्याच्या मशीनसाठीचं, कमी फेसाचं) लिहिलेलं लिक्विड घ्यावं. 20 पौंडी मशीनला (सुमारे 9 किलो कोरडे कपडे) दोन मोठे चमचे पुरतात. बाटलीचं टोपण काठोकाठ भरणं म्हणजे साबण कंपनीची सोय. आणि सलवारींच्या नाड्यांना गाठ मारायला सांगा, नाहीतर त्या नेफ्यातून निघून सगळ्या कपड्यांना वेटोळे घालतात.

प्रश्न : ड्रायरमध्ये नाणी टाकत राहतो, तरी जीन्स ओलीच. का?

उत्तर : दोष बहुधा धुण्यातच असतो. मशीन ठासून भरलं, किंवा एकच जड चादर टाकली, की तोल जातो आणि मशीन पिळायचा वेग कमी करतं. कपडे निथळत असतील तर आधी पुन्हा स्पिन करा. ड्रायरपेक्षा स्वस्त पडतं. मग ड्रायरच्या जाळीवरचा तंतूंचा थर काढा. तो साचला की गरम हवा पुढे सरकत नाही. ड्रम अर्धाच भरा. एका नाण्यात किती मिनिटं, हे मशीनवरच लिहिलेलं असतं. सुती कुर्ते मात्र किंचित दमट असतानाच काढून हँगरला लावा, नाहीतर आटतात.